जर्मनीतील नग्नस्नान आणि कायदा

जर्मनीत नग्न हिंडावयास कायद्याची मनाई नाही, असे तिकडून परत आलेल्या मंडळींच्या गप्पांत पुष्कळदा ऐकू येते. हे विधान अर्धे खरे आहे. जो ते पूर्ण खरे मानील त्याला फ्रायबुर्गच्या रस्त्यात दंड भरावा लागेल. आणि जो ते साफ खोटे मानील, तो बाल्टिक समुद्राच्या एखाद्या पुळणीवर आपण एकटेच कपडे घालून बसलो आहोत असे पाहून ओशाळा होईल. हे अर्धे सत्य कोणत्या रेषेवर दुभंगते, तेवढेच आज पाहावयाचे आहे. विषयाचे नाव ऐकून ज्यांच्या चेहऱ्यावर हसू आले असेल त्यांनी खुशाल हसावे. पण बहुतेकांना जे अवघड वाटते ते थोड्यांना करू द्यावयाचे असेल तर कोणत्या अटीवर, हा यातला प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

प्रथम कायदा पाहू. नुसत्या नग्नतेला गुन्हा ठरवणारे कलम जर्मन दंडसंहितेत नाही. कलम १८३ आहे, ते लैंगिक हेतूने अंगप्रदर्शन करून दुसऱ्याला उपद्रव देणाऱ्यासंबंधी. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे कलम केवळ पुरुषालाच लागू आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे. पुढचे १८३-अ हे उघड्यावर लैंगिक कृत्य करून लोकांत संताप उत्पन्न करणाऱ्यासंबंधी आहे. दोन्हींत नग्नता हा मुद्दाच नव्हे. मग ज्याच्या मनात तसले काही नाही, पण जो अंगावर चिंधीही न घालता भर वस्तीतून चालला आहे, त्याचे काय? त्याच्यासाठी किरकोळ नियमभंगांचा एक वेगळा कायदा आहे. त्यातले कलम ११८ सांगते की, समाजाला त्रास देणारे व सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक असे घोर अनुचित वर्तन करणाऱ्यास दंड व्हावा. हा दंड ५ पासून १००० यूरोपर्यंत असतो, तुरुंग नाही. ‘नग्न’ हा शब्दही त्या कलमात नाही.

अनुचित म्हणजे काय, हे कोणी ठरवावयाचे? इथेच या कायद्याची खरी खुबी आहे. तो माणसाचे अंग पाहत नाही, जागा पाहतो. तळ्याकाठी कोणी उघड्याने पहुडला तर पोलीस मान वर करीत नाही. तोच मनुष्य तसाच उठून पावाच्या दुकानात शिरला तर पोलिसाला बोलावणे जाते. फ्रायबुर्ग शहरात एक गृहस्थ विवस्त्र धावत असत. प्रकरण कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले आणि २००० साली निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. रस्त्यावरून जाणाऱ्याला नजर चुकवण्याची सोय नसते, हा अशा निकालांमागचा सरळ व्यवहारी विचार आहे. उलट, जिथे आधी पाटी लागलेली आहे तिथे जाणारा आपखुशीने जातो. म्युनिक शहराने २०१४ साली उन्हात विवस्त्र पडण्यासाठी सहा जागा नेमून दिल्या. त्यांतली इंग्लिश गार्डनमधली हिरवळ तर शहराच्या ऐन मध्यावर आहे. हार्त्स पर्वतात २०१० पासून नग्न पदयात्रिकांसाठी सुमारे अठरा किलोमीटरची एक वाट आहे. तिच्या तोंडाशी लावलेल्या फलकाचा मथितार्थ असा, की नागडी माणसे पाहावयाची नसतील तर येथून पुढे जाऊ नये. माझ्या मते जर्मन कायद्याचे सगळे तत्त्वज्ञान त्या एका फलकात आले आहे.

जर्मन लोक याला ‘फ्राय-क्योर्पर-कुल्टुर’ म्हणतात, म्हणजे मुक्त देहाची संस्कृती. बोलताना नुसते ‘एफ-का-का’. आपल्याकडे नग्नता म्हटली की दिगंबर साधू डोळ्यांपुढे येतो. तिथे देहाचा विसर हे ध्येय; इथे देहाचे आरोग्य हे ध्येय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या जर्मन शहरांत निसर्गोपचार, शाकाहार, मद्यत्याग, सैल कपडे अशा सुधारणांची लाट आली. हे तिचेच एक अपत्य. चित्रकार कार्ल विल्हेल्म डीफेनबाख याच्यावर १८८८ साली म्युनिकजवळ नग्नतेबद्दल खटला झाला, तो अशा खटल्यांतला पहिला मानतात. १८९८ साली एसेन येथे पहिली संघटना निघाली.

पण या बाबतीत जर्मनीच्याही आधी नाव घ्यावे लागते ते आपल्या ठाण्याचे! पाश्चात्त्य पद्धतीचे पहिले ज्ञात नग्नतावादी मंडळ १८९१ साली मुंबई इलाख्यात निघाले. संस्थापक ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड. सभासद एकंदर तीन. न्यायाधीशमहाराजांनी या उद्योगाची हकीकत एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज लेखकाला पत्रांतून कळवली, म्हणून ती उरली. पुढे त्यांची बदली रत्नागिरीस झाली, १८९४ साली ते वारले आणि मंडळही संपले. सरकारी बदलीने मोडलेल्या मंडळांच्या यादीत हेही एक.

जर्मनीत मात्र ते वाढले. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये आडोल्फ कोख या शिक्षकाने कामगारांसाठी व्यायामशाळा काढल्या आणि १९२९ साली त्याच शहरात या चळवळीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तथापि हे सगळेच निर्मळ होते असे समजू नये. रिशार्ड उंगेविटरसारखे लेखक नग्नतेचा पुरस्कार करताना वंशशुद्धीचा पुरस्कार करीत होते. नागडे झाले की सगळे सारखे, असे कामगार म्हणत. नागडे झाले की चांगले वाण निवडता येते, असे उंगेविटरपंथी म्हणत. एकाच पुळणीवर दोन्ही विचार उन्हे खात होते.

राज्यकर्त्यांना दोन्ही नकोसे होते. १९३२ साली प्रशियाचा कारभार हाती आलेल्या फ्रान्त्स ब्राख्टने सार्वजनिक नग्नस्नान बंद केले. तेवढ्यावर न थांबता पोहण्याच्या पोशाखात पाठ कुठवर उघडी असावी आणि दोन पायांमध्ये कापडाचा जोडतुकडा कसा असावा, याचेही फर्मान काढले. त्या तुकड्यावरून देशभर इतकी टिंगल झाली की फर्मान त्याच नावाने अजरामर झाले. मार्च १९३३ मध्ये गोअरिंगने ही चळवळ जर्मन संस्कृतीला मोठाच धोका असल्याचे सांगून तिच्यावर गदा आणली. गंमत अशी, की त्याच राजवटीने १९४२ साली पोलीस आदेशाने, इतरांच्या दृष्टीआड असेल तर, नग्नस्नानाला मोकळीक दिली.

खरी लढाई झाली ती पूर्व जर्मनीत. बाल्टिक किनाऱ्यावरचे आरेन्सहोप हे लेखक-कलावंतांचे आवडते गाव. १९५४ साली तेथे नग्नस्नानाला बंदी झाली. लोकांनी अर्ज केले, तक्रारी केल्या, आणि शिट्टी फुंकणारा पहारेकरी गेला की पुन्हा कपडे उतरवले. त्या काळची एक गोष्ट सांगतात. सांस्कृतिक मंत्री व राष्ट्रगीताचे कवी योहानेस बेखर यांना पुळणीवर एक वयस्क बाई तोंडावर वर्तमानपत्र घेऊन नग्न पहुडलेली दिसली. ‘म्हाताऱ्या डुकरिणीला लाज कशी नाही,’ असे ते ओरडले. वर्तमानपत्र बाजूला झाले, तो खाली आना झेगर्स, देशातली सर्वांत थोर लेखिका! पुढे एका समारंभात बेखर त्यांना ‘प्रिय आना’ म्हणून पारितोषिक देऊ लागले, तेव्हा ‘तुम्हांला मी अजून ती म्हातारी डुकरीणच’ असे उत्तर मिळाले म्हणे. गोष्ट खरी असो वा रचलेली, ती लोकांना सांगावीशी वाटली यातच बंदीचे भवितव्य कळते. १९५६ साली सरकारने माघार घेतली व नियम केला की, जी जागा स्पष्टपणे मोकळी करून तशी खूण लावली असेल तिथे विवस्त्र पोहावे. पुन्हा पाटीच! ज्या देशात बोलण्याला, लिहिण्याला, सीमा ओलांडण्याला बंदी होती तिथे हे एक स्वातंत्र्य लोकांनी मिळवले; म्हणूनच ते पुढे त्यांना इतके जिवाभावाचे झाले.

१९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि पश्चिमेकडचे प्रवासी त्या किनाऱ्यांवर लोटले. पूर्वेकडे पाट्यांची पर्वा कमी होऊन कपडेवाले व बिनकपडेवाले शेजारी शेजारी बसत असत. पाहुण्यांना ते रुचेना. तक्रारी झाल्या, पुळणी वाटून दिल्या गेल्या. वर्तमानपत्रांनी याला ‘चड्डीयुद्ध’ असे नाव दिले. आमचा देश तर गेलाच, आता पुळणही गेली, ही पूर्वेकडच्यांची खंत पाटी कुठे लावावी एवढ्यापुरती नव्हती. डिसेंबर २००७ मध्ये पोलंडच्या सीमेवरची तपासणी बंद झाली, तेव्हा उझेडोम बेटावर आणखी एक पेच उद्भवला. पोलंडमधल्या श्विनोउश्चे शहरातून वाळूवरून फिरत निघालेली मुलेमाणसे सीमा ओलांडताच थेट आल्बेकच्या नग्नस्नानाच्या पट्ट्यात शिरू लागली. पोलिश मंडळी दचकली, आणि आपल्याकडे लोक टक लावून पाहतात म्हणून जर्मन मंडळी चिडली. सीमा पुसली तरी सवय पुसली गेली नव्हती.

आज नवीच अडचण आहे, ती खिशातल्या कॅमेऱ्याची. नग्नस्नानाचा सगळा डोलारा, इथे कोणी कोणाकडे रोखून पाहावयाचे नाही, या संकेतावर उभा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये बर्लिनच्या टॉयफेल्सझे तळ्याकाठी एका रानडुकरीने एका गृहस्थांची संगणकाची पिशवी पळवली आणि ते तसेच विवस्त्र तिच्यामागे धावले. चित्र जगभर गेले. ते टिपणाऱ्या बाईंनी आधी त्या गृहस्थांना दाखवून त्यांची परवानगी घेतली होती. पण सगळेच इतके सभ्य नसतात. तरुण मंडळी उघड्या पुळणीवर बिचकतात, यात कॅमेऱ्याचा वाटा मोठा असावा असे मला वाटते. १९४९ साली स्थापन झालेल्या जर्मन नग्नतावादी महासंघाची सभासदसंख्या पाव शतकात जवळजवळ निम्मी होऊन २०२४ साली ३४ हजारांच्या आत आली, आणि पंचाहत्तरीचा सोहळा पुरेशा प्रतिसादाअभावी रद्द करावा लागला.

दुसऱ्या बाजूने पाहावे तर मार्च २०२३ मध्ये बर्लिनच्या सार्वजनिक तलावांनी एका स्त्रीच्या तक्रारीवरून स्पष्ट केले की, पुरुषांप्रमाणेच स्त्रियांनाही कमरेच्या वर उघड्याने पोहता येईल. तिथे वाद शरीराचा नव्हता, समान हक्काचा होता. आणि रोस्टोक शहराने २०२४ साली आपल्या पुळणींचे नियम नव्याने केले. नग्नस्नानासाठी राखलेल्या पट्ट्यात कोणी कपडे घालूनच बसून राहिला, तर त्याला आता तेथून उठवता येते.