बिल कोरं येतंय? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे तपासा



संध्याकाळची गर्दी, काउंटरवर चार गिऱ्हाईकं उभी आणि बिलाच्या प्रिंटरमधून कोरा कागद बाहेर येतोय. घाबरू नका. थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसतेच. त्याचं हेड तापतं आणि कागदावरचा थर काळा पडतो. एवढं लक्षात ठेवलं की बिघाड ओळखणं सोपं जातं.

१. बिल पूर्ण कोरं: रोल उलटा बसलाय का बघा. कागदावर नखाने जोरात रेघ ओढा. जिकडे काळी रेघ उमटेल, तीच छपाईची बाजू.

२. मधे उभी पांढरी रेघ: हेडवर धूळ बसली असेल. प्रिंटर बंद करून प्लग काढा, हेड थंड होऊ द्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा. ब्लेड, पिन अजिबात नको. तरीही रेघ त्याच जागी राहिली, तर हेड जळालेलं असू शकतं. तिथे मेकॅनिकच हवा.

३. सगळीच अक्षरं फिकट: आधी दुसरा चांगला रोल लावून बघा. मग सेटिंगमध्ये डेन्सिटी एकच पायरी वाढवा. उगाच जास्त वाढवली तर हेड लवकर खराब होतं.

काउंटरखाली जादा रोल, कापूस आणि अल्कोहोलची छोटी बाटली ठेवा. फक्त देवाच्या दिव्यापासून लांब. आणि ही नखाची युक्ती आजच हाताखालच्या मुलालाही शिकवा. तुम्ही माल आणायला गेलात, तरी गल्ला थांबता कामा नये!