सॅमन की स्टीलहेड? गळाला लागलेला मासा ओळखताना

मुंबईच्या हॉटेलांतल्या मेनूकार्डावर रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. त्यामुळे आपल्यापैकी बरेचजण अमेरिकेत उतरताना 'सॅमन म्हणजे इथला रावस' ही समजूत सामानाबरोबर घेऊन येतात. वास्तविक या दोघांचे जवळचे काहीच नाते नाही. रावस हा समुद्रातला आणि खाडीतला मासा. सॅमन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो. आपल्याकडे त्याच्या या सवयीशी जुळणारा मासा शोधायचा तर तो पाला, म्हणजे बंगाली मंडळींचा लाडका हिलसा. रव्यात घोळवून तव्यावर टाकताना नावाच्या या घोटाळ्याने काही बिघडत नाही. नदीकाठी मात्र बिघडते. कसे, ते स्वानुभवाने सांगतो.

मासेमारीचा परवाना काढून मला तेव्हा दोनच मोसम झाले होते. ऑक्टोबरमधला शनिवार, सिॲटलपासून तासाभरावरची नदी, आणि बरोबर मूळचे मालवणचे एक मित्र. दहाच्या सुमारास माझ्या गळाला चांगला सात-आठ पौंडांचा, चांदीसारखा लखलखीत मासा लागला. त्या नदीवर तेव्हा कोहो जातीचा सॅमन ठेवायला परवानगी होती. मासा चंदेरी, पाठीवर काळे ठिपके, म्हणजे कोहोच! डोक्यावर टोला मारला, कार्डावर 'कोहो' अशी नोंद केली आणि मित्रवर्यांनी तिरफळ घालून आमटी करायची की तळायचा, यावर चर्चा सुरू केली.

अर्ध्या तासाने मत्स्यखात्याचा अधिकारी तपासणीला आला. त्याने माशाचे तोंड उघडून पाहिले, पोटाखालचा पर बोटाने पसरला, शेपटीकडे नजर टाकली आणि शांतपणे म्हणाला, "हा कोहो नाही. ही वन्य स्टीलहेडची मादी आहे." मासा जप्त झाला, दंड झाला. दंडाचे पैसे भरले आणि विसरलो. पण जाताना तो जे म्हणाला ते विसरलो नाही. "सॅमन असता तर या फेरीनंतर मेलाच असता. ही कदाचित आणखी एकदा आली असती."

त्या एका वाक्यात या दोन माशांमधला सर्वांत मोठा फरक आहे. पॅसिफिक सॅमनच्या पाच जाती इथल्या नद्यांत येतात: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. या पाचही जाती आयुष्यात एकदाच अंडी घालतात आणि मरतात. स्टीलहेडचे तसे नाही. अंडी घातल्यावर त्यातले काही मासे, आणि त्यांत बहुतेक माद्याच, तग धरून पुन्हा समुद्रात जातात आणि नंतरच्या मोसमात परत येतात. असे मासे थोडेच असतात, पण कमी होत चाललेल्या प्रजेत त्या थोड्यांनाच मोल असते.

मग स्टीलहेड आहे तरी कोण? तर तो आपल्या परिचयाचा रेनबो ट्राउटच. निलगिरीतल्या थंड ओढ्यांत इंग्रजांनी जो आणून सोडला, तोच. जो नदीतच राहतो तो रेनबो, जो समुद्रात जाऊन मोठा होऊन परततो तो स्टीलहेड. जात एकच, एवढेच काय, एकाच आईची दोन पिल्ले या दोन वाटांनी जाऊ शकतात. शास्त्रज्ञांनी पूर्वी त्याला युरोपातल्या ट्राउटच्या गोत्रात घातले होते. १९८९ साली त्याचे शास्त्रीय नाव बदलून त्याला पॅसिफिक सॅमनच्या गोत्रात, ऑन्कोऱ्हिंकसमध्ये आणले गेले. म्हणजे सॅमन आणि स्टीलहेड हे आता सख्खे नसले तरी चुलतभाऊ आहेत. चुलतभावांचे चेहरे सारखे असायचेच!

आता ओळखीच्या खुणांकडे वळू. आधी एक सावधगिरीची सूचना: रंगावर विसंबू नका. समुद्रातून नुकतेच आलेले सगळेच मासे चंदेरी असतात. नदीत काही आठवडे काढल्यावर रंग चढतात. सॉकाय लालभडक होतो आणि डोके हिरवे, चमच्या अंगावर जांभळट उभे पट्टे येतात, पिंकच्या नराला कुबड येते, कोहोच्या कुशी लालसर होतात आणि स्टीलहेडच्या गालावर आणि कुशीवर गुलाबी पट्टा उमटतो. पण ज्या दिवसांत मासा खायला उत्तम असतो, त्याच दिवसांत यातले काहीही दिसत नाही. वजनावरूनही ठरवता येत नाही. स्टीलहेड साधारण आठ ते अकरा पौंडांचा, कोहोही त्याच्या आसपासच. कापल्यावर मांसाचा रंग पाहावा म्हणाल, तर तो दोघांचाही केशरी असू शकतो. झिंग्यांसारख्या खाद्यातून तो येतो. शिवाय कापल्यावर ओळख पटून उपयोग काय?

पहिली खूण तोंडात. स्टीलहेडचे तोंड आतून पांढरे असते, हिरड्या आणि जीभसुद्धा. चिनूकच्या हिरड्या काळ्या असतात. कोहो मात्र फसवतो: दातांच्या मुळाशी हिरडी फिकट, पण जिभेच्या कडा आणि बाकी तोंड काळपट. मी पांढरी हिरडी पाहिली असती, तरी नवशिक्याला ती कोहोचीच वाटली असती. म्हणून एका खुणेवर थांबू नये.

दुसरी खूण शेपटीत. स्टीलहेडच्या शेपटीवर वरपासून खालपर्यंत बारीक ठिपक्यांच्या रांगा असतात आणि शेपटीची कड जवळजवळ सरळ कापल्यासारखी असते. कोहोचे ठिपके शेपटीच्या फक्त वरच्या अर्ध्या भागात असतात. चिनूकला दोन्ही भागांत असतात, पण त्याच्या काळ्या हिरड्या त्याला उघडा पाडतात. पिंकचे ठिपके मोठे आणि लांबट गोल असतात. सॉकाय आणि चमच्या शेपटीवर ठिपके नसतातच.

तिसरी खूण सर्वांत भरवशाची आणि नेमकी हीच आपण पाहत नाही. माशाच्या पोटाखाली, गुदद्वाराच्या मागे आणि शेपटीच्या अलीकडे एक पर असतो. सॅमनमध्ये तो अंगाला लांबलचक चिकटलेला असतो. म्हणजे त्याची बूड जेवढी लांब, तेवढी त्याची खालपर्यंतची उंची नसते. स्टीलहेडमध्ये उलट: बूड आखूड, उंची जास्त. मोजायचेच म्हटले तर त्यातल्या दांड्या मोजा. स्टीलहेडला साधारण आठ ते बारा, सॅमनला तेरा किंवा अधिक. हिरड्या, रंग, ठिपके यांत मासागणिक थोडा फरक पडतो, हा पर सहसा दगा देत नाही. मिशिगन सरोवराकाठच्या वाचकांनाही ही खूण उपयोगी पडेल. तिथे स्टीलहेड एकोणिसाव्या शतकातच सोडले गेले, तर कोहो १९६६ साली. नंतर दोघेही त्याच नद्यांत चढू लागले.

मोसमाचाही थोडा आधार घेता येतो. सॅमन मुख्यतः उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत चढतात. प्यूजेट साउंडच्या नद्यांत पिंक मुख्यतः विषम सालीच येतात. स्टीलहेडच्या दोन फौजा आहेत, हिवाळी आणि उन्हाळी. हिवाळी साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, उन्हाळी मे ते ऑक्टोबर. दोन्ही अंडी मात्र साधारणपणे हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतातच घालतात. माझी चूक ऑक्टोबरात झाली ती उगीच नाही. त्या महिन्यात दोन्ही चुलतभाऊ एकाच डोहात असतात.

जात ठरल्यावर आणखी एक गोष्ट पाहायची. पाठीवर, शेपटीच्या थोडा अलीकडे, एक लहानसा मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तो पर सोडण्यापूर्वी छाटतात. तिथे बरा झालेला व्रण दिसला तर मासा हॅचरीचा. पर शाबूत असेल तर तो वन्य समजायचा, आणि वन्य स्टीलहेड वॉशिंग्टनमध्ये सोडावाच लागतो. यामागे कारण आहे. प्यूजेट साउंडचा चिनूक १९९९ साली आणि तिथलाच स्टीलहेड २००७ साली केंद्र सरकारच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. ज्याला या राज्याने १९६९ साली राज्याचा मासा म्हणून मान दिला, त्याच्यावर ही वेळ आली. जो मासा ठेवता येत नाही तो पूर्णपणे पाण्याबाहेर काढणेही इथल्या नद्यांवर नियमाविरुद्ध आहे. तेव्हा वर सांगितलेल्या सगळ्या खुणा मासा पाण्यात असतानाच, हात ओले करून पाहायच्या. फोटोसाठी त्याला छातीशी धरायचा मोह आवरा. नियम नदीगणिक आणि मोसमागणिक बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या आठवड्याचे नियम वाचायला विसरू नका.

हे सगळे वाचून लक्षात राहत नाही, पाहून राहते. सिॲटलच्या बॅलर्ड लॉक्सला माशांच्या जिन्याला काचेच्या खिडक्या आहेत, पोर्टलंडच्या मंडळींना कोलंबिया नदीवरचे बॉनव्हिल धरण जवळ आहे. इसाक्वाच्या हॅचरीतही शरदात सॅमन अगदी जवळून दिसतात. मुलांना घेऊन जा. माझी मुलगी दहा वर्षांची असताना खिडकीशी उभी राहून "बाबा, शेपटीवर खालीपण ठिपके आहेत" असे मला सांगू लागली, तेव्हा आपण दंडाची पावती उगीच फाडून घेतली असे वाटले.

शेवटी एकच नियम ध्यानात ठेवा. तोंड, शेपटी, पोटाखालचा पर, या तिन्ही साक्षीदारांचे एकमत झाल्याशिवाय टोला मारायचा नाही. शंका आली की मासा सोडायचा. रिकाम्या हाताने घरी जावे लागले तर वाटेतल्या दुकानात सॅमन मिळतोच. तव्यावर टाकताना त्याला खुशाल रावस म्हणा!