शरीराबाद परगण्याची अर्जदस्त आणि चिनी यमाची कचेरी

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव मराठवाड्यात त्वरितादेवीचे स्थान म्हणून ओळखले जाते. गोदावरीच्या दक्षिणतीरीचा हा मुलूख बहमनी, निजामशाही, मोगलाई आणि आसफजाही अशा अनेक राजवटींखालून गेला, १७६३ साली याच तालुक्यातील राक्षसभुवनी थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला, आणि तरीही दप्तर अखेर हैदराबादेकडेच राहून १९४८च्या सप्टेंबरपर्यंत सरकारी कागद आधी फारसीत आणि मग उर्दूत लिहिला गेला. सुभे बदलले, शिक्के बदलले, परंतु शेकदार, देशमुख, देशपांडे, पाटील आणि कुळकर्णी ही उतरंड मात्र रयतेच्या उरावर शतकानुशतके अढळ राहिली. या उतरंडीचे एक मर्मभेदी वाङ्मयीन चित्र ज्या गावी रेखाटले गेले ते पैठण गोदावरीच्याच काठी, थोडे वरच्या अंगाला आहे. आणि चित्रकार होते संत एकनाथ.

नाथांची भारुडे म्हटली की आपल्याला विंचू, जोगवा, गोंधळ आठवतात. परंतु अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जाबचिठ्ठी या नावांच्या ज्या रचना त्यांनी केल्या त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. या रचना म्हणजे फारसी वळणाच्या सरकारी पत्रव्यवहाराची हुबेहूब नक्कल होय. ‘अर्जदस्त’ हे हुजुरास पाठविलेले निवेदन आहे. निवेदन करणारे जिवाजी शेकदार आणि बुधाजी कारकून. परगणा शरीराबाद, किल्ला कायापुरी. सरकारी कामास रुजू व्हावे म्हणून शेकदार परगण्यात येतो, तो तेथील जमेदारांनी आधीच सारा कारभार गिळलेला. दंभाजी शेटे कचेरीत ठाण मांडून बसला आहे; कामाजी महाजन आहेच; मनीराम देशमुख वरिष्ठांस न जुमानता आपले काम परस्पर उरकून घेतो; ममताई देशपांडीण अवघ्या परगण्याला जेरीस आणते; आणि क्रोधाजी नाईकवाडी धुमाकूळ घालतो. पुढे अवयवांची गावे एकामागून एक ओस पडू लागतात आणि शेवटी हुजुरातून यमाजीपंताची तलब येते.

हे रूपक अध्यात्माचे आहे हे उघडच आहे. पण त्यातील कारभाराचे ज्ञान पुस्तकी नाही. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते, आणि शिष्याची उमेदवारी जितकी उपासनेत गेली तितकीच हिशेबाच्या वह्यांतही गेली. एका पैची चूक रात्रभर शोधून ती सापडताच आनंदाने टाळी वाजविणारा एकनाथ आपल्याला आख्यायिकेतून परिचित आहे. म्हणूनच अर्जदस्तीतील शेकदाराची हतबलता इतकी खरी वाटते. अंमलदार परका, तात्पुरता, वरून आलेला. वतनदार मात्र पिढीजात, आणि कोणत्या शेताचा धारा किती, कोणत्या खात्यात काय लपले आहे, हे जाणणारा. ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती परगणा, हे मर्म नाथांनी देवगिरीच्या कचेरीत ओळखले असले पाहिजे.

नवल असे की याच काळात, या मुलुखाची वार्ताही नसलेल्या चीन देशात तेच मर्म कथेतून उमटत होते. तेथील नियमाप्रमाणे जिल्ह्याचा दंडाधिकारी आपल्या मूळ प्रांतात नेमला जात नसे आणि थोड्या वर्षांत त्याची बदली होई. कचेरीतील कारकून व शिपाई मात्र स्थानिक, अपुऱ्या वेतनाचे, आणि म्हणून पक्षकारांकडून उकळलेल्या पैशांवर जगणारे. नियम करणाऱ्यांचा हेतू वशिलेबाजीस आळा घालण्याचा; फळ मात्र असे की न्यायाधीशाला आपल्याच दप्तरातील माणसांच्या तोंडाकडे पाहावे लागे. आमच्याकडे परक्या शेकदाराला वतनदाराने कोंडले, त्यांच्याकडे परक्या दंडाधिकाऱ्याला कारकुनाने.

१५९२ साली, म्हणजे नाथ हयात असतानाच, ‘पश्चिमेची यात्रा’ ही कादंबरी चीनमध्ये छापली गेली. तिच्यातील एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. सम्राट ताइत्सुंग मरण पावून यमलोकी जातो, तेव्हा त्याच्या बाहीत त्याच्या मंत्र्याने दिलेले एक शिफारसपत्र असते; कारण तेथील दप्तराचा न्यायाधिकारी हा त्या मंत्र्याचा जुना स्नेही. वहीत सम्राटाचे आयुष्य त्याच्या राजवटीच्या तेराव्या वर्षापर्यंतच लिहिलेले आढळते. न्यायाधिकारी घाईघाईने कुंचला उचलतो आणि एकाच्या अंकाला दोन रेघा जोडून तेराचे तेहतीस करतो. चिनी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ आणि तीन म्हणजे तीन, त्यामुळे काम सोपे. यमराज वही वाचतो, वीस वर्षे शिल्लक असल्याचे मान्य करतो, आणि सम्राट परत पृथ्वीवर येतो. याच ग्रंथाच्या अखेरीस बुद्धाचे दोन शिष्य धर्मग्रंथ देण्यापूर्वी ते न्यायला आलेल्या यात्रेकरूंकडे नजराणा मागतात आणि तो न मिळताच कोऱ्या पोथ्या हाती ठेवतात. खऱ्या पोथ्या मिळविण्यासाठी यात्रेकरू भिक्षूला अखेर आपले भिक्षापात्र द्यावे लागते.

हा यम भारतातून बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेला. तेथे पोहोचल्यावर त्याला मुनशी, शिपाई, वह्या, खाती असा सारा सरंजाम लाभला, आणि सरंजामाबरोबर लाचही आली. पू सोंगलिंग (१६४०–१७१५) याच्या ‘शी फांगपिंग’ या कथेत एक धनिक मेल्यावर यमलोकीच्या अधिकाऱ्यांचे हात ओले करतो आणि आपल्या जुन्या वैऱ्याला तेथे झोडपून काढवतो. त्या वैऱ्याचा मुलगा शी फांगपिंग दाद मागायला स्वतः यमलोकी उतरतो. नगरदेवता लाचखाऊ, वरचा अधिकारी लाचखाऊ, प्रत्यक्ष यमही लाचखाऊ! मुलाला तापलेल्या लोखंडी पलंगावर निजवितात, करवतीने उभा चिरतात. तक्रार सोडली असे खोटे सांगून तो सुटतो, नवा जन्म मिळाला तर दूध न पिता मरतो, आणि एका तेजस्वी देवतेच्या वाटेत येऊन न्याय मिळवतो. पू सोंगलिंग स्वतः तरुणपणीच प्राथमिक परीक्षेत पहिला आला होता आणि पुढे आयुष्यभर प्रांतिक परीक्षेच्या उंबरठ्यावरच अडखळला. कचेरीचे दार बाहेरून कसे दिसते ते त्याला ठाऊक होते.

आमच्या यमाजीपंताची तलब मात्र कोणालाही चुकत नाही. त्याला शिफारसपत्र चालत नाही आणि त्याच्या वहीत रेघ वाढविता येत नाही. या फरकाचे कारण मला श्रद्धेपेक्षा आडोशात दिसते. राजसत्तेविरुद्ध लिहिणाऱ्याला कुठेतरी लपावे लागते. चिनी कथाकार कधी भुतांच्या आड लपला, कधी जुन्या राजवंशाच्या. वू जिंगझी (१७०१–१७५४) याने विद्वानांवरील आपल्या कादंबरीत आपल्याच काळाचे चित्र मिंग राजवटीच्या नावावर खपविले. तिच्यातील वांग हुई नावाचा नवा अधिकारी रुजू होताच येथे मिळकत किती याची चौकशी करतो. माजी अधिकाऱ्याचा पुत्र त्याला सुनावतो की वडिलांच्या कचेरीत कवितेचा, बुद्धिबळाचा आणि संगीताचा आवाज असे, आपल्या कचेरीत बहुधा तराजूचा, हिशेबाच्या मण्यांचा आणि छडीचा असेल. वांग हुईला त्यातला टोमणा कळतच नाही. नाथांनी आडोसा निवडला तो देहाचा. कीर्तनाला खरा देशमुख पुढच्या रांगेत बसलेला असणार. त्याला मनीरामावर हसावेच लागे, कारण हा देशमुख म्हणजे मन आहे असे व्यासपीठावरून सांगितलेले असे.

या आडोशाने धैर्य दिले तसे काही हिरावूनही घेतले. जो दोष दप्तरात होता तो मनात गेला. वैराग्य आले की परगणा सुधारेल असा समज बळावला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा, जी महिपतींनी १७६२च्या ‘भक्तविजया’त सांगितली, याच वळणाची आहे: दुष्काळात सरकारी अंबारे उघडून रयतेला धान्य वाटणाऱ्या अधिकाऱ्याची सुटका विठू महाराच्या वेषातील पांडुरंग बिदरच्या बादशहाचा पैसा भरून करतो, आणि भरणा केल्याची पावती घ्यायला देव विसरत नाही. अन्याय दूर करायला देव यावा लागतो, ही त्या कथेची हताशता. आणि देवालाही पावती लागते, हे तिचे शहाणपण. इकडे व्यवहारात पेशवाईच्या हिशेबांत मामलेदारांनी वरिष्ठांस गुपचूप पोहोचविलेल्या रकमांना दरबारखर्च, अंतस्थ अशी चक्क खाती पडली होती. लाच ही चोरीची गोष्ट न उरता जमाखर्चाची बाब झाली होती.

आडोसा टाकून देण्याचे काम दोन्हीकडे वृत्तपत्रांच्या युगात झाले. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुळकर्ण्यापासून वरच्या कचेरीपर्यंत रयत कशी नाडली जाते ते रूपकाविना मांडले. वीस वर्षांनी, १९०३पासून, ली बाओजिया याने शांघायमध्ये अधिकाऱ्यांची लक्तरे वेशीवर टांगणारी कादंबरी क्रमशः छापली. तेथील परकीय वसाहतींत सम्राटाच्या शिपायांचा हात सहजी पोहोचत नव्हता. दोघांनाही आडोसा लागला तो परक्या सत्तेच्या कायद्याचा, हा इतिहासाचा कडू विनोद आहे.

उघड बोलण्याचा लाभ निर्विवाद आहे. शी फांगपिंगसारखी तक्रार कोणाच्या नावे आणि कोणत्या दारी करायची हे त्याशिवाय कळत नाही. परंतु लाचखाऊ अधिकाऱ्याच्या कथेवर हसणारा वाचक स्वतःला त्या कथेच्या बाहेर समजतो, आणि सातबाऱ्याची नोंद लवकर व्हावी म्हणून पुढे केलेला स्वतःचा हात त्याला दिसत नाही. अर्जदस्त ही सवलत देत नाही. तिच्यातील शेकदार हाच श्रोता आहे आणि परगणाही त्याचाच आहे. फुल्यांनी दाखविलेला कारकून आणि नाथांनी दाखविलेला दंभाजी, या दोघांवर एकाच वेळी फिर्याद गुदरल्याखेरीज गोदाकाठच्या कोणत्याही तालुक्याचा कारभार शुद्ध होणार नाही.