एका वचनातले दोन ‘नवे’

माझे वडील भिंगारमध्ये शिंपीकाम करीत. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंत मराठी ‘नव्या करारा’ची एक जीर्ण प्रत होती. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात, नवा द्राक्षारस नव्या चामडी बुधल्यांतच भरावा, अशा आशयाचे वचन आहे. तिथल्या दोन्ही ‘नव्यां’खाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात प्रश्नचिन्ह. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली होती; मी निवृत्तीनंतर ग्रीक शिकायला घेतली ती या एका प्रश्नचिन्हासाठी.

मूळ ग्रीकमध्ये तिथे दोन वेगळी विशेषणे आहेत. द्राक्षारस ‘नेऑस’ आणि बुधले ‘कायनॉस’.

‘नेऑस’ आपल्या गोतातला. संस्कृत ‘नव’, लॅटिन ‘नोवुस’, ‘नवरोज’मधला फारसी ‘नव’ ही त्याची भावंडे. ग्रीकमधला ‘व’ पुढे गळाला. पण मायकेल व्हेन्ट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडलेल्या ‘लिनिअर बी’ लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर तो शाबूत आहे. ‘कायनॉस’चे नाते अभ्यासक संस्कृत ‘कन्या’ आणि ‘कनीन’, म्हणजे तरुण, यांच्याशी जोडतात.

गंमत अशी, की तरुण माणसाला ग्रीक लोक ‘नेऑस’ म्हणतात, ‘कायनॉस’ नव्हे. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवू गेले की असे फसायला होते. आपला ‘नवरा’ ‘नववर’पासून आला, लग्नाला चाळीस वर्षे झाली तरी तो नवराच.

अर्थ वापरात पाहावा. साधारणपणे नुकताच झालेला तो ‘नेऑस’. न वापरलेला किंवा निराळ्या प्रकारचा तो ‘कायनॉस’. ताजा रस आंबताना वायू सुटतो. जुने, ताठरलेले चामडे त्याने फुटते. कोरे ताणले जाते. त्याआधीच्या वचनात जुन्या कपड्याला लावायच्या ठिगळासाठी ‘आग्नाफॉस’ हे तिसरे विशेषण येते. त्याचा अर्थ, धुऊन-कुटून अजून न आटवलेले कापड. वडील कोरे सुती कापड भिजवून, वाळवून मगच बेतत. शिवल्यावर आटले तर गिऱ्हाईक दारात उभे!

मात्र हा भेद सगळीकडे पाळलेला नाही. ‘नवा करार’ या नावात ‘कायनॉस’ आहे. पण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात त्याच कराराला ‘नेऑस’ म्हटले आहे. दोन शब्दांमध्ये शेताचा बांध असतो, दगडी भिंत नव्हे. आजच्या ग्रीकमध्ये कोऱ्या वस्तूला सहसा ‘कायनुर्यॉस’ म्हणतात, तर ‘ता नेआ’ म्हणजे बातम्या. आपण ‘काय नवीन?’ विचारतो तसेच.

वडिलांचे प्रश्नचिन्ह मी खोडले नाही. शेजारी पेन्सिलीनेच लिहिले : ‘रस ताजा, बुधले कोरे. इतर ठिकाणी मागचा-पुढचा मजकूर पाहावा.’