सगळ्यात मोठा आवाज घड्याळाचा

कंटेंट लिहिणाऱ्यांनो, रोल्स-रॉइसची १९५८ ची जाहिरात एकदा शोधून वाचाच. जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वींनी मथळ्यात 'आलिशान', 'जागतिक दर्जाची' असलं काही लिहिलं नाही. ताशी ६० मैल वेगात या गाडीत सगळ्यात मोठा आवाज येतो तो विजेवरच्या घड्याळाचा, एवढंच सांगितलं. गाडी किती शांत, हे थेट वाचणाऱ्याच्या कानालाच कळतं! गंमत म्हणजे हे वाक्य काही त्यांच्या डोक्यातून आलेलं नाही. एका मोटार-मासिकाच्या तांत्रिक संपादकाचं निरीक्षण त्यांनी उचललं. मथळ्याखाली भरपूर मजकूर, तोही गाडीच्या तपशिलांचा. आपण मात्र ब्रीफ हातात पडलं की लगेच विशेषणं उधळायला लागतो. त्यापेक्षा कारखान्यातल्या माणसाला गाठा, ग्राहकांच्या तक्रारी चाळा, सर्व्हिस मॅन्युअल वाचा. कंटाळवाणं असतं, मान्य. तरी वाचा.