पंचाला डोळे दोनच!

आधीच सांगून टाकते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, आणि माझी कबड्डी त्याहूनही कच्ची. शाळेत आमच्याकडे थ्रोबॉल होता, मार्च-पास्ट होता... कबड्डी म्हणजे बाबा टीव्हीवर बघतात ती! अशा मुलीच्या गळ्यात पंचाची शिट्टी कशी आली, पंच नेमकं करतो काय, आणि एका रविवारी माझी झोप कशी उडाली, त्याची ही हकीकत.

गेल्या वर्षी जुलैमध्ये गर्ल्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर कागद लागला: 'मुलींचा कबड्डी संघ सुरू करीत आहोत. इच्छुकांनी १५ जुलैला संध्याकाळी ५ वाजता यावे.' तारीख सरांनी मुद्दाम निवडली होती. १५ जुलै हा कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा जन्मदिवस, आणि महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून पाळतात. पण पनवेलचा जुलै म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मैदानाचं तळं झालेलं! शेवटी पार्किंगच्या शेडमध्ये खडूने रेषा मारून निवड चाचणी झाली. माझ्या पहिल्याच चढाईत माझा दम गेला. म्हणजे अक्षरशः. चौथ्या 'कबड्डी'ला खोकला आला. सर हसले नाहीत, त्यांनी खिशातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "खेळता येत नाही ना? मग बघायला शीक. संघ नवा आहे, पंचही नवाच तयार करू."

मला वाटलं, सोपं आहे. बाजूला उभं राहायचं, शिट्टी वाजवायची. किती मोठा गैरसमज!

आधी मैदान समजून घेऊ. मुलींचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं (पुरुषांचं १३ बाय १०). मधोमध मध्यरेषा. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदानरेषा. हे नाव ऐकून मला आधी डॉक्टरच आठवले! सरांनी लक्षात ठेवायची युक्ती सांगितली: चढाई करणारीने 'निदान' एवढी तरी रेषा ओलांडलीच पाहिजे. कुणाला स्पर्श न करता आणि ही रेषाही न ओलांडता परत आली, तर ती बाद. त्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील, आणि झटापट व्हायच्या आधी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकून दुसरा हवेत ठेवला, तर एक जादा गुण. दोन्ही बाजूंना १ मीटरचे राखीव पट्टे असतात, त्यांना सगळे लॉबीच म्हणतात. हा पट्टा नीट लक्षात ठेवा, माझी सगळी गोष्ट तिथेच घडते. स्पर्श किंवा झटापट होईपर्यंत लॉबी मैदानाचा भाग नसते. स्पर्श झाला की होते. म्हणजे स्पर्शाआधी पाय लॉबीत पडला तर तुम्ही बाद, आणि स्पर्शानंतर पडला तर काही हरकत नाही. पायही तोच, जागाही तीच, प्रश्न फक्त आधी काय झालं एवढाच.

आता माणसं. सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक लागतात. दोन पंच समोरासमोरच्या बाजूंना उभे राहतात. मैदानावर पंचाचा निर्णय सहसा अंतिम असतो. दोघांचं जमलं नाही तर सरपंच निकाल देतो. शिस्तीसाठी कार्डंही आहेत: हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर.

पहिला महिना सरांनी मला शिट्टीला हातच लावू दिला नाही. आधी सहाय्यक गुणलेखक केलं. काम काय, तर बाद झालेल्या मुलींना ओळीने बसवायचं आणि समोरच्या संघाची खेळाडू बाद झाली की त्याच क्रमाने एकेकीला आत सोडायचं. मी पहिल्या दिवशी शेवटी आलेलीला आधी सोडलं. सर म्हणाले, "तू कम्प्युटरची ना? स्टॅक नाही, क्यू आहे हा!" डेटा स्ट्रक्चर्सच्या ओरलला जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिथे एका वाक्यात शिरलं. आणि हो, बोनसच्या गुणावर कुणीही आत येत नाही, हेही तिथेच पाठ झालं.

दुसरा धडा कानांचा. मला मैदानाकडे पाठ करून उभं केलं. मुली चढाया करायच्या आणि मी फक्त दम ऐकायचा. 'कबड्डी' हा शब्द स्पष्ट, सलग आणि ऐकू येईल असा हवा. समोरच्या अंगणात पाय टेकायच्या आधी तो सुरू व्हायला हवा. उशिरा सुरू केला तर चढाई करणारीला परत पाठवायचं, समोरच्या संघाला एक तांत्रिक गुण आणि चढाईची पाळी. मधेच दम तुटला तर बाद. एका आठवड्यात मला आवाजावरून कळायला लागलं की कुणाचा दम कुठल्या क्षणी तुटणार.

तिसरा धडा सगळ्यात कठीण. 'फक्त पाय बघ.' चेहरा नाही, हात नाही, पाय. तुम्ही करून बघा! माणसाची नजर आपोआप हाताकडे जाते, कारण स्पर्श हाताने होतो, ओरडाआरडाही हातावरून होतो. मी सरांना विचारलं, "मग हात कोण बघणार?" ते म्हणाले, "चढाई तुझ्या बाजूने जात असेल तर रेषा तुझी, स्पर्श समोरच्या पंचाचा. तुला डोळे दोनच आहेत. चार असल्यासारखं वागू नकोस."

याच काळात नेटवर शोधताना मला अमेरिकेतला रोलर डर्बी नावाचा खेळ सापडला. मुली पायात स्केट्स घालून लंबगोल ट्रॅकवर फिरतात. प्रत्येक संघाची एक 'जॅमर' समोरच्या मुलींच्या घोळक्यातून वाट काढते आणि जितक्यांना मागे टाकेल तितके गुण मिळवते. वाचता वाचता वाटलं, अरे ही तर आपली चढाईच! पण मला खरी गंमत वाटली ती रेफरींची. तिथे स्केट्सवर सातपर्यंत रेफरी असतात, आणि त्यातल्या दोघांचं काम एकच: आपापल्या जॅमरवरची नजर हटवायची नाही. बाकी मैदानात काहीही होवो. म्हणजे साता समुद्रापलीकडेही सरांचाच नियम होता. सगळं कुणालाच दिसत नाही, म्हणून बघायचं काम वाटून घ्यायचं.

नियम पाठ झाले. मला वाटायला लागलं, मी तयार झाले.

डिसेंबरमध्ये आमच्या मैदानावर पहिला मैत्रीपूर्ण सामना ठेवला. समोर पनवेल तालुक्यातल्याच एका गावचा मुलींचा संघ. रायगड जिल्ह्यात कबड्डी किती मुरलेली आहे हे त्या दिवशी कळलं. त्यांच्यातल्या काही मुली अजून शाळेत होत्या, पण पकड अशी की आमच्या धिप्पाड मुली जागच्या जागी बसायच्या. तरी आमचा संघ झुंजला. शेवटचं मिनिट, २४-२४. शेवटची चढाई माझ्या रूममेटची. सगळं हॉस्टेल रेषेला येऊन ओरडत होतं. ती माझ्याच बाजूने कोपऱ्याकडे गेली, हात लांब केला, वळली, मध्यरेषेवर झेपावली. "टच! टच!" असा एकच कल्ला झाला आणि मी शिट्टी वाजवून आमच्या बाजूला एक बोट वर केलं. २५-२४. आम्ही जिंकलो!

त्यांची कर्णधार माझ्यापाशी आली. भांडायला नाही. हळूच म्हणाली, "ताई, तिचा पाय आधी लॉबीत पडला होता."

त्या क्षणी मला लख्ख कळलं की मी पाय बघितलाच नव्हता. मी हात बघत होते. रेषा माझी होती आणि मी सगळ्यांसारखीच हाताकडे बघत होते. पाय आधी पडला असेल तर गुण त्यांचा, म्हणजे निकाल बरोबर उलटा. मी काय बोलले माहिती आहे? "निर्णय झालाय." पंचाचा निर्णय अंतिम असतो ना! नियम माझ्याच बाजूने होता. फक्त मी नव्हते.

रात्री मेसमध्ये गुलाबजाम होते. माझ्या घशाखाली उतरेनात. मी सरांना जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं ते रागावतील, नाहीतर 'होतं असं' म्हणून सोडून देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाले, "पाय चुकला की नाही हे आता कुणालाच सांगता येणार नाही. चूक ती नाही. तू न बघितलेलं बघितलं म्हणालीस, ती चूक. दिसलं नाही तर सरपंचाकडे वळायचं. त्यासाठीच तो उभा असतो." सरपंच म्हणून स्वतः सरच उभे होते, माझ्यापासून फार तर दहा पावलांवर. मी मान वळवून बघितलंसुद्धा नव्हतं.

थोडं समाधान वाटावं म्हणून एक मोठी गोष्ट सांगते. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध इराण. शेवटच्या टप्प्यात २८-२८ अशी बरोबरी. पवन सेहरावत चढाईला गेला, स्पर्श न करता लॉबीत गेला आणि त्याच्या मागे इराणचे बचावपटूही लॉबीत. एका नियमाने चढाईपटूबरोबर ते बचावपटूही बाद, दुसऱ्या नव्या नियमाने फक्त चढाईपटू बाद. निर्णय फिरत राहिला, खेळाडू मॅटवर बसून राहिले, आणि सामना सुमारे तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. त्याच दिवशी मुलींच्या अंतिम सामन्यात भारताने चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवलं. एका गुणाने! हुतूतू म्हणून आपल्या अंगणात खेळला जाणारा हा खेळ १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला प्रात्यक्षिकात दाखवला, १९९० पासून तो आशियाई स्पर्धेत आहे, २०१० पासून मुलींचाही. एवढा प्रवास झाला, तरी सुवर्णपदकाचा वाद शेवटी त्या एक मीटरच्या पट्ट्यावरच आला. तेव्हापासून मी तो सामना बघते ती खेळाडूंसाठी नाही, पंचांचे चेहरे बघण्यासाठी.

जानेवारीत परतीचा सामना त्यांच्या गावी होता. शाळेमागचं मातीचं मैदान, फक्कीच्या ताज्या रेषा, कडेला आज्या आणि लहान पोरं. सुरुवातीलाच मी त्यांच्या कर्णधाराला गाठून सांगितलं, "मागच्या वेळी मी पाय बघितला नव्हता. तसं म्हणायला हवं होतं." ती म्हणाली, "आमाला माहीत होतं, ताई. तुम्ही शिट्टी लवकर वाजवता." बस्स. माफ केलं की नाही ते सांगितलं नाही, पण सल्ला देऊन गेली.

आणि सल्ला अगदी बरोबर होता. आता मी शिट्टी ओठांशी नेऊन मनात एकदा विचारते: बघितलं का? बघितलं असेल तर वाजवते. नसेल तर सरपंचाकडे वळते, मग प्रेक्षक काहीही म्हणोत. त्या दिवशी दुसऱ्या डावात माझी रूममेट पुन्हा माझ्याच बाजूने गेली. या वेळी मी पायच बघत होते. टाच फक्कीवर, मग बोटं बचावपटूच्या खांद्यावर. मी तिला बाद दिलं. आम्ही तीन गुणांनी हरलो.

रूममेट दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रात्री मॅगी करून पातेलं माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "टाच खरंच पडली होती का गं?" मी म्हटलं, "हो, मी बघितली." "मग ठीक आहे," म्हणाली, आणि चमचा माझ्या हातात दिला.

असो. जिल्हा आणि राज्य पातळीवर कबड्डी संघटनांच्या पंच परीक्षा होतात. सबमिशनमधून जीव वाचला तर यंदा मी बसणार आहे. नियमपुस्तक हॉस्टेलच्या रूममध्ये आहे, कुणालाही वाचायला मिळेल. संघाला अजून एक पंच आणि दोन सहाय्यक गुणलेखक हवे आहेत. दम नसला तरी चालेल. क्यू आणि स्टॅकमधला फरक मात्र माहीत हवा!

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी