शिवणाचं सामान घेताना

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात पाच तालुके आहेत : हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ. गावात शिलाई मशीन असलं, तरी सुई-दोऱ्यासाठी अनेकींना तालुक्याची बाजारपेठच गाठावी लागते. एसटीचं भाडं खर्चून केलेली फेरी वाया जाऊ नये, म्हणून एवढं ध्यानात ठेवा :

● सुई : नंबर जितका मोठा, तितकी सुई जाड. रेशमी, तलम कापडाला ११, सुती ब्लाउजला १४, जीन्सला १६ किंवा १८. घरगुती मशीनच्या सुईची मागची बाजू चपटी असते. कारखान्यातल्या मशीनची सुई गोल दांड्याची, ती घरच्या मशीनला चालत नाही. जुनी सुई नमुन्याला न्या.

● अस्तर : मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस सोबत न्या आणि रंग दुकानाबाहेर, उन्हात जुळवा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो.

● फॉल : सुती फॉल आणि अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावा. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि साडीचा काठ गोळा होतो.

● बटण : माप ‘लाइन’मध्ये, ४० लाइन म्हणजे १ इंच. शर्टाचं नेहमीचं बटण १८ लाइनचं, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर.

● आरसे, कवड्या : बंजारा फेटिया-कांचळीच्या (घागरा-चोळीच्या) भरतकामाला आरसे एकाच मापाचे निवडा आणि चार जास्तच घ्या.